नोकऱ्या आल्या, घरं का येत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या प्रदेशात कारखाने, बंदर, विद्यापीठ किंवा सॉफ्टवेअर कंपन्या येतात, पगार वाढतात आणि काही वर्षांतच भाड्याने घर मिळेनासं होतं. असं का होतं, याबद्दल वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एक मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरांची टंचाई आहे म्हणतात, पण उघड्यावर राहणारे तर मोजकेच दिसतात. मग ही टंचाई कुठे आहे?

बहुतेक वेळा ती घरांच्या आतच असते. लग्न झालेलं जोडपं वेगळी खोली परवडत नाही म्हणून आईवडिलांच्या खोलीत पडदा लावून राहतं. चार नोकरदार मिळून एक फ्लॅट घेतात. कोणी रोज चार तास प्रवासात घालवतं. भारत सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख काढली. त्यातला जवळपास ८० टक्के भाग दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा होता, बेघर कुटुंबांचा वाटा अगदी थोडा.

घर मिळत नाही म्हणून ज्याने नोकरीच नाकारली, तो माणूस अशा कुठल्याच मोजणीत येत नाही. प्रदेशाचं खरं नुकसान मात्र तिथेच होतं.

२. लोकसंख्या थोडीच वाढली, तरी घरांची मागणी एवढी कशी वाढते?

घर लागतं ते कुटुंबाला, आणि कुटुंबं लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढू शकतात. एक लाख लोक पाच-पाचच्या कुटुंबांत राहत असतील तर २० हजार घरं पुरतात. तेच लोक चार-चारच्या कुटुंबांत विभागले गेले की २५ हजार लागतात. एकही माणूस बाहेरून आलेला नसताना मागणी पाव पटीने वाढली. पगार वाढले की हे विभाजन वेग घेतं, कारण वेगळं राहणं परवडू लागतं.

त्यावर रोजगाराचा ओघ आला की चित्र फार लवकर पालटतं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात विलिस्टन नावाचं गाव आहे. शेल खडकातून तेल काढायला सुरुवात झाली आणि २०१० साली १५ हजारांच्या आत असलेली वस्ती २०२० च्या जनगणनेत २९ हजारांवर गेली. मधल्या काळात चांगला पगार मिळवणारे कामगार गाड्यांत आणि तात्पुरत्या छावण्यांत राहत होते.

३. इमारत तर दोन-तीन वर्षांत उभी राहते. मग पुरवठ्याला दहा-दहा वर्षं लागतात असं का म्हणता?

कारण बांधकाम हा शेवटचा टप्पा आहे, आणि बऱ्याचदा सर्वात छोटा. त्याआधी त्या भागाचा विकास आराखडा मंजूर व्हावा लागतो. शेतजमीन असेल तर तिला बिनशेती परवानगी लागते. कागदावर वारसांची नावं अडकलेली असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात. मग रस्ता, पाण्याची मुख्य वाहिनी, सांडपाण्याची सोय, विजेचं उपकेंद्र. मग बांधकाम परवानगी, अग्निशमन खात्याचा दाखला, पर्यावरणाची मंजुरी, बँकेचं कर्ज. इमारत उभी राहिल्यावरही भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत कायद्याने तिथे राहता येत नाही. यातले बरेच टप्पे एकामागून एक येतात. एक अडला की पुढचे सगळे थांबतात, आणि थांबलेल्या काळाचं व्याज शेवटी घराच्या किमतीत चढतं.

माझ्या मते या साखळीत सर्वात कमी लक्ष जातं ते जमिनीखालच्या वाहिन्यांकडे. इंग्लंडमधलं केंब्रिज संशोधन आणि जैवतंत्रज्ञानाच्या जोरावर झपाट्याने वाढलं. जमीन होती, बांधणारे होते, घेणारे तर होतेच. पण भूजलाचा उपसा आधीच जास्त होता, म्हणून तिथल्या पर्यावरण यंत्रणेने हजारो घरांच्या प्रस्तावांना हरकत घेतली. नेदरलँड्समध्ये २०१९ साली नायट्रोजन उत्सर्जनाबाबत न्यायालयीन निकाल आला आणि कितीतरी बांधकामं कागदावरच थांबली. दोन्हीकडचे आक्षेप खरे होते. निसर्गाची मर्यादा आधीपासून होती. कारखान्यांचं आणि कार्यालयांचं नियोजन झालं तेव्हा तिचा हिशेब कोणी धरला नव्हता.

दुसरं कारण साध्या गणिताचं आहे. गावात आज एक लाख घरं आहेत आणि दरवर्षी दीड हजार नवी होतात असं समजा. रोजगारामुळे वर्षाला चार हजार नवी कुटुंबं येऊ लागली, तर बांधकाम रातोरात दुप्पट केलं तरी हजार घरं कमीच पडतात. आणि ते रातोरात दुप्पट होत नसतंच. पहिल्या वर्षाची तूट दुसऱ्या वर्षात जाते, दुसऱ्याची तिसऱ्यात. म्हणून बांधकाम वाढल्याचं दिसत असतानाही भाडी चढत राहतात. लोक त्यावरून असा अर्थ काढतात की बांधून काही फरक पडत नाही.

४. शहराबाहेर मैलोन्मैल मोकळी जमीन दिसते. तिथे घरं का होत नाहीत?

मोकळी जमीन आणि घर बांधता येईल अशी जमीन यांत पाणी, रस्ता आणि गटार एवढं अंतर असतं (प्रश्न ३). शिवाय किंमत दरवर्षी वाढते आहे हे मालकाला दिसत असतं. आज विकली तर आजचा भाव, थांबलो तर उद्याचा. मोकळ्या जमिनीवर नाममात्र कर असेल तर थांबण्याला काहीच खर्च नाही. एस्टोनियात कर फक्त जमिनीच्या मूल्यावर आहे, त्यावरच्या इमारतीवर नाही. तिथे प्लॉट पडीक ठेवणाऱ्यालाही बांधलेल्या प्लॉटइतकाच कर पडतो. याउलट कॅलिफोर्नियाने १९७८ साली करासाठी धरलं जाणारं मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असा नियम केला. जुन्या मालकाला जमीन धरून ठेवणं त्यामुळे फारच स्वस्त झालं.

५. मग उंच इमारतींना परवानगी दिली की प्रश्न सुटला?

बऱ्याच अंशी सुटतो, आणि हे मी ठामपणे म्हणतो.

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराने २०१६ साली निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला मुभा दिली. २०२२ च्या सुमाराला तिथे वर्षाला मिळणाऱ्या बांधकाम परवानग्या दुपटीहून जास्त झाल्या होत्या. त्यात गगनचुंबी इमारती थोड्या होत्या. एका बंगल्याच्या जागी तीन-चार जोडघरं, असं बहुतेक बांधकामाचं रूप होतं. ह्यूस्टनने १९९८ साली शहराच्या मधल्या भागात प्लॉटचं किमान क्षेत्र ५ हजार चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणलं, तेव्हाही हेच झालं.

मुंबईचा प्रवास उलट्या दिशेने झाला. १९६४ पासून तिथे चटईक्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल याची, मर्यादा आली आणि १९९१ च्या नियमावलीत मूळ बेटावरच्या शहरासाठी ती १.३३ ठरली. शहर वाढत असताना मर्यादा आवळत नेली, याची किंमत पुढच्या पिढ्यांनी लहान खोल्यांत आणि लांबच्या प्रवासात मोजली.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. निर्देशांक वाढवला पण पाण्याची वाहिनी तीच ठेवली, तर त्रास वरच्या मजल्यावरून खाली येतो. आणि एखाद्याच प्लॉटला सवलत दिली तर तिचा फायदा त्या जमिनीच्या मालकाला मिळतो. मुभा मोठ्या क्षेत्राला एकाच वेळी मिळाली तर कुठलाच मालक अडून बसू शकत नाही. ऑकलंडचं वेगळेपण इथेच होतं.

६. पार्किंगच्या नियमांचा घरांशी काय संबंध?

जवळचा. एका गाडीच्या जागेला ये-जा करण्याची वाट धरली तर लहान फ्लॅटच्या निम्म्याएवढी जागा सहज लागते. ती तळघरात करायची तर खर्च आणखी वाढतो. प्रत्येक घरामागे ठरावीक पार्किंग सक्तीचं असेल, तर लहान प्लॉटवर छोटी इमारत परवडतच नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २०२३ साली ही सक्ती काढून टाकली.

७. जमीन महाग म्हणून घरं महाग, की घरं महाग म्हणून जमीन महाग?

बहुतांशी दुसरं. विकासक उलटा हिशेब करतो. इथे घर किती किमतीला विकलं जाईल? त्यातून बांधकामाचा खर्च, व्याज, शुल्कं आणि स्वतःचा नफा वजा केला की जे उरतं, तेवढी रक्कम तो जमिनीला देऊ शकतो. म्हणून प्रदेशातले पगार वाढले आणि घरं तेवढीच राहिली, तर वाढलेल्या पगाराचा मोठा हिस्सा शेवटी जमीनमालकाकडे जातो. ज्याने काहीच केलं नाही त्याला सर्वात जास्त मिळतं, आणि कामासाठी गाव सोडून आलेल्याला सर्वात जास्त द्यावं लागतं. मला यातली सर्वात मोठी अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

अपवाद आहेत. डोंगर आणि समुद्राने वेढलेल्या शहरात बांधण्याजोगी जमीन खरोखरच कमी असते. शिवाय एखाद्याने जास्त भावाने जमीन आधीच घेतलेली असेल तर बाजार उतरला तरी तो घराची किंमत उतरवत नाही, काम थांबवून वाट पाहतो.

८. बिल्डर मुद्दामच कमी घरं बाजारात आणतात का?

संशय अगदीच निराधार नाही. मोठ्या गृहप्रकल्पांत घरं एवढी सावकाश का बांधली जातात, याची इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लेटविन यांनी सरकारसाठी पाहणी केली. तिचा अहवाल २०१८ साली आला. भाव न पाडता स्थानिक बाजारात दर महिन्याला जेवढी घरं खपतात, तेवढ्याच वेगाने कंपन्या बांधतात, असा त्याचा निष्कर्ष होता. कंपन्या जमीन सट्ट्यासाठी दाबून ठेवतात, याला मात्र लेटविन यांना आधार सापडला नाही. एकाच कंपनीकडे हजारो घरांचा पट्टा असेल तर ती घाई करत नाही. तोच पट्टा दहा जणांत वाटला, त्यात भाड्याची, लहान, मोठी अशी वेगवेगळी घरं असली, तर वेग वाढतो.

९. एवढी तेजी असताना बांधणारे कचरतात कशाला?

कारण घर विकायला येईल तेव्हा तेजी असेलच असं नाही. आयर्लंडचं उदाहरण फार बोलकं आहे. २००६ च्या आसपास तिथे वर्षाला ८० हजारांहून जास्त घरं बांधली जात होती. २००८ च्या पडझडीनंतर अर्धवट वसाहती ओस पडल्या आणि २०१३ पर्यंत हा आकडा १० हजारांच्या आत आला. कंपन्या बुडाल्या, गवंडी आणि सुतार परदेशी गेले, बँकांनी हात आखडता घेतला. मग डब्लिनमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांची भरती जोरात सुरू झाली तेव्हा बांधायला माणसंच उरली नव्हती. अतिरेकी बांधकाम आणि तीव्र टंचाई, दोन्ही एकाच देशाने दहा वर्षांत पाहिलं.

एकाच उद्योगावर उभा असलेला प्रदेश तर आणखी धोक्याचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलँड या बंदरात लोहखनिजाच्या तेजीत, २०१२ च्या सुमाराला, घरांचे भाव मोठ्या महानगरांच्याही वर गेले होते. खाणी उभारण्याचं काम आटोपलं आणि काही वर्षांत ते निम्म्याच्याही खाली आले. उत्तर स्वीडनमधलं शेलेफ्टेओ नॉर्थव्होल्टच्या बॅटरी कारखान्यासाठी घरं वाढवत होतं. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अशा ठिकाणी कचरणाऱ्या बांधकामदाराला मी दोष देणार नाही. तिथे सरकारने किंवा उद्योगानेच जोखमीचा काही भाग उचलायला हवा.

१०. मजूर आणि साहित्याची टंचाई कितपत कारणीभूत असते?

तेजीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बरीच, कारण कारखाना बांधणारे आणि घरं बांधणारे हात तेच असतात. दीर्घकाळात कमी. मागणी टिकणार असा भरवसा आला की कारागीर येतात, पण त्यांनाही राहायला घर लागतं. बांधकामाची उत्पादकता हा वेगळा आणि खोल प्रश्न आहे. अमेरिकेत या क्षेत्रात दर कामगारामागे होणारी मूल्यवृद्धी १९७० च्या तुलनेत घटलेली आढळली आहे.

११. हजारो फ्लॅट रिकामे असताना टंचाई कसली?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा राग मला समजतो. भारताच्या २०११ च्या जनगणनेत शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी नोंदली गेली. प्रश्न १ मधला टंचाईचा आकडा आणि हा आकडा एकाच देशाचे, जवळपास एकाच वेळचे. दोन्ही खरे आहेत.

रिकामी घरं अनेक प्रकारची असतात. काही दोन भाडेकरूंच्या मधली, म्हणजे बाजार चालू राहायला आवश्यक. काही वादात किंवा वारसांच्या भांडणात अडकलेली. काही जिथे रोजगार नाही तिथे. काही गुंतवणुकीची, भाडेकरू बाहेर पडणार नाही या भीतीने कुलूपबंद ठेवलेली. शेवटच्या दोन प्रकारांसाठी उपाय वेगळे आहेत, म्हणजे एकीकडे वाहतूक आणि दुसरीकडे लवकर निकाल देणारा भाडेकायदा. रिकाम्या घरांवर कर लावायला माझा पाठिंबा आहे. पण कुलूप उघडून मिळणारी घरं एकदाच मिळतात, आणि मागणी दरवर्षी वाढते.

१२. नवी घरं तर महागच असतात. साध्या कामगाराला त्यांचा काय उपयोग?

थेट नाही, पण असतो. नव्या महाग घरात जाणारं कुटुंब आपलं जुनं घर सोडतं, तिथे दुसरं येतं, त्याचं तिसऱ्याला मिळतं. हेलसिंकीमध्ये घरबदलाच्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासात दिसलं, की मध्यवर्ती भागात बाजारभावाने विकलेल्या दर १०० नव्या घरांमागे कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये दोन वर्षांत सुमारे ६० घरं मोकळी झाली.

या साखळीलाही मर्यादा आहे. ती सर्वात खालच्या थरापर्यंत हळू पोहोचते, काही वेळा पोहोचतच नाही. ज्याचं उत्पन्न घराच्या देखभालीचा खर्चही भागवू शकत नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक पैसा लागतोच (प्रश्न १४).

१३. भाडं कायद्याने गोठवलं तर?

आत असलेल्याला दिलासा, बाहेर असलेल्याला बंद दार. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाड्यावर कमाल मर्यादा घातली. मर्यादेतल्या घरांची भाडी उतरली, पण भाड्याने देण्याच्या जाहिरातीही कमालीच्या घटल्या. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला घर सोडणं परवडेना, आणि बाहेरच्यासाठी पागडी हाच मार्ग उरला.

तरी एक फरक करायला हवा. चालू भाडेकरूचं भाडं एका वर्षात अचानक दीडपट होऊ नये म्हणून वाढीवर घातलेली मर्यादा वेगळी. कामाच्या गावी मूल शाळेत घातलेल्या कुटुंबाला तेवढं संरक्षण मिळायला हवं असं मला वाटतं. नवी घरं बांधण्याला ते पर्याय नाही, एवढंच.

१४. सरकारनेच घरं बांधली तर?

जिथे हे जमलं तिथे जमीन आधी हातात होती. सिंगापूरने १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन केलं, आणि आज तिथले चारपैकी तीनहून जास्त रहिवासी त्याच्या घरांत राहतात. व्हिएन्ना महापालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. अनुदानित घरं धरली तर शहरातले निम्मे लोक अशा घरांत राहतात. दोन्ही ठिकाणी काम पिढ्यान्‌पिढ्या सुरू राहिलं. सरकारी काम मंदीतही चालू ठेवता येतं. आणि हा सर्वात मोठा फायदा आहे, कारण खासगी बांधकाम नेमकं तेव्हाच थांबतं (प्रश्न ९).

जमीन बाजारभावाने विकत घेऊन, तेजीच्या ऐन मध्यावर सरकारने उतरायचं ठरवलं तर तेच मजूर, तेच सिमेंट आणि तीच परवानगीची रांग वाट्याला येते.

१५. घर घेणाऱ्याला अनुदान किंवा स्वस्त कर्ज दिलं तर मदत होत नाही का?

पुरवठा लवचीक असेल तर होते. ब्रिटनने २०१३ पासून नव्या घरांसाठी खरेदीदाराला मदत देणारी योजना आणली. अभ्यासकांना आढळलं की लंडन परिसरात तिने प्रामुख्याने किंमत वाढवली, तर वेल्सच्या सीमेजवळ, जिथे बांधणं सोपं होतं, तिथे घरं वाढली. योजना तीच, परिणाम उलटे.

१६. जुने रहिवासी नव्या बांधकामाला विरोध का करतात? हा स्वार्थ नाही का?

काही वेळा असतो. पण पाणी दिवसाआड येत असताना शेजारी दोनशे फ्लॅट होणार म्हटल्यावर माणूस घाबरला, तर त्याला स्वार्थी म्हणणं मला पटत नाही. त्रास त्याच्या दारात होतो आणि फायदा सगळ्या प्रदेशात विखुरतो. ज्याला त्या फ्लॅटमध्ये राहायचं आहे तो अजून गावात आलेलाच नाही, त्यामुळे हरकतींच्या सुनावणीत त्याची खुर्ची रिकामी असते. म्हणून निर्णय किती स्थानिक पातळीवर होतो याला महत्त्व आहे. जपानमध्ये जमीनवापराचे मोजके प्रकार देशभरासाठी कायद्याने ठरलेले आहेत. नियमात बसणाऱ्या इमारतीला शेजाऱ्यांची वेगळी मर्जी लागत नाही. टोकियोत इतकी वर्षं लोक येत राहूनही भाडी तुलनेने आटोक्यात राहिली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

१७. लोक सोडून गेले की घरं आपोआप स्वस्त होतात ना?

होतात, आणि फार वेगाने. बांधलेलं घर परत नेता येत नाही. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० च्या १८ लाखांवरून ७ लाखांच्या खाली आली, घरं मात्र तिथेच राहिली आणि किमती बांधकामखर्चाच्याही खाली गेल्या. घरांचा साठा वाढताना रेंगाळतो, पण मागणी गेली म्हणून कमी होत नाही.

१८. आमच्या भागात नेमकं कुठे अडतंय, हे सामान्य नागरिकाने कसं ओळखावं?

चार आकडे मागवा: वर्षभरात आलेले बांधकाम परवानगीचे अर्ज, मंजूर झालेले, प्रत्यक्ष सुरू झालेली कामं, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली घरं. अर्जच कमी असतील तर अडचण जमीन किंवा नियमांत आहे (प्रश्न ४, ५). अर्ज भरपूर आणि मंजुरी थोडी असेल तर कार्यालयात किंवा पाण्याच्या हमीपत्रात. मंजुरी मिळून कामं सुरू होत नसतील तर कर्ज, खर्च किंवा भीती (प्रश्न ७, ९). सुरू होऊन पूर्ण होत नसतील तर मजूर, पैसा किंवा वाद.

त्याच काळात प्रदेशात किती नव्या नोकऱ्या आल्या, हा पाचवा आकडा शेजारी ठेवा. नव्या उद्योगाला जमीन देण्याचा प्रस्ताव जाहीर होतो त्या बैठकीतच विचारा, की येणारे कामगार कुठे राहणार आणि त्यांच्या पाण्याची वाहिनी कोणत्या वर्षी पूर्ण होणार.